पूर्वेकडची विनावापर जागा

टेलरबाई पंच झाली हे तिला सांगायला पाळकसाहेब स्वतः दुकानात आले, तेव्हा ती एका शाळकरी पोरीच्या स्कर्टची दुमड उसवत बसली होती. दातांत दोरा धरलेला, त्यामुळे उठून उभी राहिली तरी तोंडातून शब्द निघेना.

“झालं एकदाचं,” पाळकसाहेब म्हणाले. दीड वर्षापूर्वी बदलून आलेला तरुण माणूस. आनंद झाला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. “अकरा पंचांत एक जागा खाणीवरच्या लोकांना. आणि त्या जागेवर तुम्ही.”

तिने दोरा तोंडातून काढला. “मी? अहो, माझ्यापेक्षा शिकलेली, बोलकी माणसं आहेत वस्तीत.”

“तुमच्या नावाला कुणीच नाही म्हटलं नाही.”

तिथेच तर गोम होती, पण ती तिला पुढे कळली.

त्या चर्चमध्ये दोन तऱ्हेची माणसं होती, टेकडीवरची आणि खाणीवरची. टेकडीवरच्यांच्या पणजोबांनी चर्च बांधवून घेतलं. खाणीवरच्यांच्या पणजोबांनी त्याचे दगड फोडले, वाहिले आणि रचले. बाप्तिस्मा एकाच कुंडातला, प्रार्थना एकच, गाणी एकच. फक्त पुढची सहा बाकं टेकडीवरच्यांची आणि मागची चौदा खाणीवरच्यांची. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची वेळच कधी आली नाही. पंच मात्र अकराच्या अकरा त्या सहा बाकांतले. डॉक्टर, वकील, निवृत्त हेडमास्तर, लाकडाच्या वखारीचे मालक आणि असेच बाकीचे. बाप गेला की त्याच्या जागी मुलगा यायचा, मुलगा नसला तर जावई. खालच्या कुणी विषय काढलाच, तर हेडमास्तर मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “अरे, देवाच्या घरात वरचा-खालचा कसला बघता?” आणि विषय मिटायचा.

नव्या पाळकसाहेबांनी रजिस्टर उघडून माणसं मोजली. शंभरातली सत्तर खालची निघाली. बिशपसाहेबांना पत्र गेलं, तिकडून उत्तर आलं, सहा महिने धुसफूस चालली आणि अखेर दोन वर्षांच्या मुदतीची एक जागा सुटली. खालच्यांनी त्या जागेसाठी ज्याचं नाव दिलं त्याला सगळे सुरुंग म्हणत. खाणीत सुरुंग लावायचंच त्याचं काम, आणि जिभेलाही कायम वात पेटलेली. टेकडीवरच्यांनी सांगितलं, हा सोडून दुसरं कुणीही चालेल. मग टेलरबाईचं नाव टेकडीवरूनच सुचवलं गेलं. ती टेकडीवरच्या प्रत्येक घरात मापं घ्यायला जायची, मागच्या दाराने आत शिरायची, आणि कुणाच्या कमरेचा घेर किती वाढला हे कधी कुणाला सांगायची नाही. गेली बावीस वर्षं पाळकांचे झगे आणि गाणाऱ्या मंडळींचे डगले तिच्याच मशीनवर शिवले जात होते. अशा बाईला नको कोण म्हणणार?

घरी तिने सासूला सांगितलं. म्हातारी चौऱ्याऐंशीची, गुडघे गेलेले, खिडकीशी खाट. नवरा खाणीतली धूळ छातीत भरून बारा वर्षांपूर्वी गेल्यापासून घरात या दोघीच.

“आपल्यातली पहिली,” म्हातारी म्हणाली, आणि मग दिवसभर खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारमारून सांगत राहिली. “ऐकलंस का? आमची सून पंच झाली.”

टेलरबाईने बैठकीसाठी तपकिरी कापडाचा कोट शिवला. लोकांसाठी इतकं शिवलं, पण नवं कापड फाडून स्वतःसाठी शिवायची ही पहिलीच वेळ. सासूने कोट मांडीवर घेऊन आतून बाहेरून चाचपला. “अस्तर बरं लावलंयस,” म्हणाली. म्हातारीकडून एवढी शाबासकी म्हणजे खूप झाली.

बैठक चर्चमागच्या खोलीत व्हायची. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, भिंतीवर जुन्या पंचांचे फोटो. पहिल्या दिवशी सगळे उठून उभे राहिले, हेडमास्तरांनी तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली. तिला वाटलं, लोक उगाच नावं ठेवतात, माणसं वाईट नाहीत. मग चहा झाला आणि ती सवयीने कप गोळा करायला उठली. “राहू द्या हो बाई,” वखारवाले म्हणाले, आणि आपला कप तिच्याकडे सरकवला.

पुढच्या बैठकीलाही कप तिनेच उचलले. तिसऱ्या बैठकीपर्यंत ते ठरूनच गेलं.

बोलायची वेळ तशी येतच नव्हती. चर्चेला आलेला विषय आधीच कुठेतरी जेवणाच्या टेबलावर शिजून आलेला असायचा. इथे नुसता वाढला जायचा. डॉक्टर अर्धं वाक्य बोलायचे, वकील उरलेलं पुरं करायचे, हेडमास्तर “मग, सगळ्यांना मान्य?” म्हणायचे आणि हात वर व्हायचे. तिचाही व्हायचा. वस्तीत बायका विचारायच्या, काय चालतं गं तिथं? ती म्हणायची, छप्पर गळतं त्याचं बोलणं झालं. खरंच तेवढंच झालेलं असायचं.

पाचवी बैठक पाचऐवजी तीनला ठेवली. निरोप दुकानात आला तेव्हा ती एका नवरीच्या मापाला गेलेली. परत येऊन चिठ्ठी पाहिली आणि कात्री तशीच टाकून ती टेकडी चढली. पोचली तेव्हा सातवा ठराव चालू होता. हेडमास्तरांनी मानेनेच बसायला सांगितलं आणि वाचन पुढे चालू ठेवलं: “आवाराच्या पूर्व हद्दीलगतची विनावापर जागा सपाट करून तेथे नव्या सभागृहाचा पाया घ्यावा.”

वकिलांनी टेबलावर निळ्या रेघांचा नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यात तिरक्या रेघांचा पट्टा, बाकी काही नाही. टेलरबाईने मान वाकडी करून बघितलं. पूर्व म्हणजे विहिरीकडची काटेरी झुडपं असावीत, असं तिला वाटलं. अगदी खात्रीने नाही वाटलं. ‘ही जागा म्हणजे नेमकी कुठली हो?’ एवढा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आला होता. पण आधीच उशीर झालेला, धाप लागलेली, आणि मागच्याच बैठकीत वखारवाल्यांनी काहीतरी विचारलं तर वकील म्हणाले होते, “नकाशा वाचता येत नसेल तर नुसता बघा,” आणि सगळे हसले होते. ते वखारवाल्यांना हसले. मग आपल्याला किती हसतील?

हात वर झाले. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिने हात वर केला.

“सर्वानुमते,” वकील म्हणाले आणि तसं लिहिलं. मग वही फिरली आणि सगळ्यांनी सह्या केल्या. तिने आपलं नाव सावकाश, सुवाच्य लिहिलं.

नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला सुरुंग दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा आवाज नेहमी आधी यायचा आणि तो मागून. त्या दिवशी आवाजच नव्हता.

“पोरांच्या जागेवर खोदायचं मशीन आणलंय,” तो म्हणाला.

टेलरबाईचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला.

बासष्ट वर्षांपूर्वी वस्तीत तापाची साथ आली होती. तीन आठवड्यांत तेवीस लेकरं गेली, सगळी दहा वर्षांच्या आतली. साथ टेकडीवर चढू नये म्हणून आताच्या डॉक्टरांच्या वडिलांनी हुकूम काढला की खालच्यांनी चर्चमध्ये यायचं नाही आणि मेलेली मुलं कबरस्तानाच्या खालच्या टोकाला, भिंतीपाशी पुरायची. ना घंटा, ना शवपेटी. बापांनी खाणीतून पांढरा दगड आणून प्रत्येकाच्या डोक्याशी ठेवला. त्यावर अक्षरं कोरायला कुणाला येत नव्हतं. वस्तीतली माणसं त्या तुकड्याला ‘पोरांची जागा’ म्हणत. तिथे खालच्या फाटकाने जायचं. तो भाग पूर्वेला येतो की पश्चिमेला, हे कधी कुणी पाहिलं नव्हतं. आया होत्या तोवर गवत निघत होतं. मग आया म्हाताऱ्या झाल्या, गवत वाढलं, दगड जमिनीत रुतले. टेलरबाई नवी लग्न होऊन आली तेव्हा सासूबरोबर दोनतीनदा गेली होती. सासूची थोरली मुलगी आणि मधला मुलगा तिथे होते. चार वर्षांची एक, दीड वर्षाचा एक.

ती पोचली तेव्हा पिवळं मशीन गवताचे दोन पट्टे खरवडून थांबलेलं होतं, कारण वस्तीतल्या बायका त्याच्यापुढे जमिनीवर बसल्या होत्या. एक पांढरा दगड उलटा होऊन पडला होता, ओल्या मातीची बाजू वर. गर्दीत तिचा धाकटा दीर होता, खाणीवरचा मुकादम. साथीच्या नंतर जन्मलेला. मेलेली भावंडं त्याने पाहिलेलीसुद्धा नव्हती.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही हात वर केला होता?”

“भाऊजी, मला ठाऊक नव्हतं हो. त्यांनी पूर्व हद्द म्हटलं. मला वाटलं, विहिरीकडची—”

“केला होता की नाही?”

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

“केला,” ती म्हणाली.

मुकादमाने तो दगड उचलला, सुलटा करून अंदाजाने जागेवर ठेवला आणि पाठ फिरवली.

घरी बातमी तिच्याआधी पोचली होती. म्हातारी खाटेवर बसून होती, हात मांडीत.

“मला विचारायचंस,” एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

टेलरबाई दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. तीन रोग्यांनंतर तिचा नंबर लागला. डॉक्टरांना वाटलं, हिला काही होतंय. तिने सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

“नकाशात ती जागा रिकामी आहे, बाई.”

“नकाशात असेल. डॉक्टरसाहेब, तुमच्या वडिलांनीच पुरायला लावली ती मुलं तिथं.”

“माझा तेव्हा जन्मही नव्हता.” त्यांचा आवाज चढला नाही. ते कधीच आवाज चढवत नसत. “आणि हे बघा, तसं काही होतं तर ते तुम्ही सांगायचं होतं. तुमच्या लोकांचं आम्हाला काय कळणार? त्यासाठीच तर तुम्हाला घेतलं.”

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. यातलं निम्मं खोटं होतं आणि निम्मं खरं, आणि खरं होतं तेच जास्त लागलं. बाहेर पडताना डॉक्टरांनी विचारलं, “आईचे गुडघे कसे आहेत?” आणि एक मलम दिलं. तिने ते घेतलं. नको म्हणायचं तिला सुचलंच नाही.

पाळकसाहेबांनी कपाटातून दफनाचं जुनं रजिस्टर काढलं. त्या सालचं पान उघडलं. टेकडीवरचे दोन म्हातारे त्याच महिन्यात गेलेले. त्यांची नावं, बापाचं नाव, वय, आजार, कोणती प्रार्थना म्हटली ते, सगळं वळणदार अक्षरात. त्याखाली एका ओळीत लिहिलं होतं: ‘खाणीवरची मुले, एकूण २३.’

“मी बिशपसाहेबांना कळवलं,” पाळकसाहेब म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आनंदाने नव्हे. “त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. खाणीवरच्यांचा प्रतिनिधी हजर होता का? ठराव सर्वानुमते झाला का? मी काय सांगणार? त्यांनी लिहिलंय, मग यात वरून हात घालण्यासारखं काही दिसत नाही.”

“म्हणजे मी नसते, तर?”

पाळकसाहेबांनी रजिस्टर मिटलं. “तुम्ही नसता तर थांबवता आलं असतं,” ते म्हणाले. “निदान मला तरी तक्रार करता आली असती.”

ते पान बघून आल्यावर तिने एकच काम हातात घेतलं. वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्या अजून जिवंत होत्या त्यांच्याकडे जाऊन मुलांची नावं गोळा करायची. सात घरांपैकी तीन घरांनी दारच उघडलं नाही. एकीच्या सुनेने आतूनच सांगितलं, “आता कशाला? पुन्हा कुठं सही करायचीय?” बाकीच्यांनी सांगितली. कुणाला आपलं मूल आठवत होतं, कुणाला शेजारणीचं. काहींच्या आया तीस-तीस वर्षांपूर्वी गेलेल्या, त्यांच्या मुलांचं फक्त लाडाचं नाव उरलेलं. सासूला विचारायचा धीर तिला होईना. चौथ्या दिवशी ती वहीतली नावं मोठ्याने वाचून बघत होती, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली म्हातारी आपोआप बोलायला लागली. आपल्या दोघांची नावं, मग शेजारच्यांची, मग विहिरीवरच्या घरातली जुळी. भिंतीलाच सांगत होती. टेलरबाईने आवाज न करता पेन्सिल चालवली. सगळी मिळून एकोणीस झाली. चारांचा पत्ता लागला नाही.

पंचांची खास बैठक बोलावली गेली. त्या दिवशी चहा आला आणि कप टेबलावर तसेच राहिले. टेलरबाई उठून उभी राहिली, पण कप गोळा करायला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खोलीत बोलली. फार चांगलं बोलली नाही. मध्येच अडखळली, एक वाक्य दोनदा म्हणाली. वहीतली एकोणीस नावं वाचली. शेवटी म्हणाली, “सातव्या ठरावावर माझी सही आहे. ती चुकून झाली. मला ती मागं घ्यायचीय.”

“सही मागे घेता येत नाही,” वकील म्हणाले. “पण फेरमतदान घेऊ. नियमाने घेऊ.”

हेडमास्तरांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि मग बाकीच्या नऊ जणांबरोबर सभागृहाच्या बाजूने हात वर केला. नकाशे झाले, परवानगी आली, पाया तिथेच घ्यावा लागणार, आता मागे फिरणं अवघड. दहा विरुद्ध एक. पाळकांना मत नसतं. मुलांना तिथून काढून कबरस्तानातच दुसरीकडे पुरायचं ठरलं.

मग तिने तीन गोष्टी मागितल्या. मशीन लावू नका, आमची माणसं हाताने खोदतील. प्रत्येक मूल वेगळं ठेवा, एका खड्ड्यात लोटू नका. आणि नव्या जागी दगड लावाल त्यावर नावं कोरा. पहिल्या दोन्ही लगेच मान्य झाल्या. माना इतक्या भराभर हलल्या की तिला समजलं, त्यांना हायसं वाटतंय. तिसरीवर हेडमास्तर म्हणाले, “चार नावं नाहीत. एकोणिसांतही काही नुसती लाडाची. खात्री नसलेलं दगडावर कोरणं बरं नव्हे, बाई. संख्या कोरू.” तिने त्याविरुद्धही एकटीने हात वर केला.

तीन दिवस दुकान बंद ठेवून तिने पांढऱ्या मांजरपाटाच्या तेवीस पिशव्या शिवल्या. कापड पसरून बसली आणि कात्री हातात घेऊन नुसतीच बघत राहिली. जन्मभर माप घेतल्याशिवाय तिने कापडाला कात्री लावली नव्हती. बासष्ट वर्षांनी लेकराचं किती उरत असेल? तिने हाताच्या अंदाजाने कापायला सुरुवात केली. सगळ्या सारख्याच कापल्या. शिवण दुहेरी घातली, कडा आत दुमडल्या, कुठे धागा लोंबू दिला नाही.

खोदायला मुकादम होता, सुरुंग होता आणि आणखी आठ जण. दगड फोडणारी माणसं. पण खुरपी धरून बसली होती, जशी बाई तांदूळ निवडायला बसते. कुणी टेलरबाईशी बोललं नाही. पण पिशव्या तिच्याच हातातून घेतल्या. काही ठिकाणी हाडं मिळाली, बारीक, पिवळट. काही ठिकाणी नुसती काळी माती. एका जागी शिंपल्याचं बटण मिळालं, त्याला दोन भोकं. सुरुंगने ते तळहातावर घेतलं आणि तोच पहिल्यांदा रडला, मोठ्याने, लाज न बाळगता. जिथे काहीच नव्हतं तिथली ओंजळभर माती तिने पिशवीत घातली आणि तोंड शिवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणलं. तेवीस पिशव्या लाकडी फळ्यांवर ओळीने मांडलेल्या.

“माझी कुठली?” तिने विचारलं.

मशीनने पहिल्याच दिवशी ओळ बिघडवली होती आणि दगड हलले होते. म्हातारीने फळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, “खुर्ची खाली घ्या.” मुकादमाने तिला एकेका पिशवीपाशी नेलं. प्रत्येक पिशवीवर तिने तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा, आणि पुढे सरकली. तेवीसही पिशव्यांपाशी. त्याला तासभर लागला.

नव्या जागेवर दगड बसला. ‘खाणीवरील २३ बालके’ असं कोरलं होतं. अक्षर सुरेख होतं.

त्यानंतरच्या रविवारी मागच्या चौदा बाकांपैकी दहा रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारी तेरा. वस्तीतली माणसं खाणीच्या जुन्या शेडमध्ये जमून आपली आपण प्रार्थना करू लागली. टेलरबाई मात्र टेकडीवर जात राहिली, कारण तिची मुदत अजून दीड वर्ष होती. वस्तीतले म्हणत, खुर्ची सुटत नाही बाईला. टेकडीवरचे म्हणत, एवढी समजूतदार बाई, हिला काय झालं कुणास ठाऊक. ती आता प्रत्येक ठराव हातात घेऊन मोठ्याने वाचायची, बोट ठेवून एकेका शब्दाचा अर्थ विचारायची, नकाशा आणायला लावायची आणि त्यावरची जागा स्वतः पायी जाऊन बघून यायची. अर्ध्या तासाची बैठक दोन तास चालायची. वखारवाले जांभया द्यायचे. हरायची ती दर वेळी. पण वकिलांना वहीत ‘सर्वानुमते’ लिहिता येत नव्हतं. कपडे शिवायला टेकडीवरच्या बायका हळूहळू दुसरीकडे जाऊ लागल्या. पाळकसाहेबांची बदली झाली. जाताना ते दुकानावर आले, पण दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि ते नुसता हात हलवून गेले.

पुढच्या हिवाळ्यात एके सकाळी सासू म्हणाली, “मला शेडमध्ये घेऊन चल. आता देवाचं ऐकायचं ते आपल्या माणसांत ऐकते.” दोघींचं बोलणं तोवर कामापुरतं उरलं होतं. टेलरबाईने तपकिरी कोट घातला, म्हातारीला शालीत गुंडाळलं आणि चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेलं.

शेड गच्च भरली होती. मुकादम दारातच पुढे आला, आईची खुर्ची आपल्या हातात घेतली आणि पहिल्या ओळीत नेऊन ठेवली. वहिनीला या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. ती मागे गेली. शेवटच्या दोन फळ्यांवर वीटभट्टीवरची माणसं बसली होती. ही माणसं तीनचार वर्षांपूर्वी कामासाठी दुरून आलेली, तोडकंमोडकं बोलणारी. खाण बंद पडत चालली तशी ती वस्तीत वाढत होती. बायकांच्या नखांत लाल माती. टेलरबाई त्यांच्या शेजारी टेकली.

त्या दिवशी शेडच्या मंडळीचे पंच निवडायचे होते. मुकादमाने कागद काढून सात नावं वाचली. पहिलं त्याचं स्वतःचं, दुसरं सुरुंगचं, मग सुरुंगचा भाऊ, मुकादमाचा मेहुणा, आणि आणखी तिघे, सगळे खाणीवरचे जुने. “मान्य असेल त्यांनी हात वर करा,” तो म्हणाला. शेडभर हात वर झाले. मागच्या फळ्यांवरचेही झाले, थोडे उशिरा, पुढच्यांकडे बघून.

टेलरबाई उठली. आता उभं राहायची तिला सवय झाली होती.

“भाऊजी, भट्टीवरच्यांतलं कुणी नाही? आणि बाई एकही नाही?”

सगळ्या माना मागे वळल्या. मुकादमाने कागदाची घडी घातली.

“वहिनी,” तो म्हणाला, “आमचं घर पडलंय, ते अजून उभं राहतंय. त्यात तुम्ही आता बोलू नये, हेच बरं. तुमचं पंच होणं आम्ही एकदा भोगलं.”

सुरुंग जमिनीकडे बघत होता. पहिल्या ओळीतून म्हातारीने मान वळवायचा प्रयत्न केला. पण खुर्ची पुढे तोंड करून होती आणि तिला तेवढं वळता आलं नाही.

टेलरबाई खाली बसली. शेजारच्या भट्टीवरच्या बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पुढे मुकादमाकडे पाहिलं. मग मांडीवरची पोर उचलून ती दुसऱ्या टोकाला सरकली. फळीवर दोघींच्या मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी झाली. पुढे कुणीतरी गाणं सुरू केलं.

उपासना संपल्यावर तिने म्हातारीला घरी नेलं, खाटेवर निजवलं, पायांना मलम चोळलं. म्हातारीने तिचा हात धरला नाही, झटकलाही नाही. शनिवारी पंचांची बैठक होती. पाचची होती, ती पावणेपाचला जाऊन बसली.